परवाना बाईच्या नावावर

भाईंदरजवळच्या मोरव्यात बाईने जड काम करणं ही नवी गोष्ट नाही. माझी आजी मिठागरावर जायची. मार्च-एप्रिलचं ऊन, डोक्यावर मिठाने भरलेली पाटी आणि पायाखाली अरुंद बांध. पाटी राशीवर रिकामी करायची, परत फिरायचं, पुन्हा भरायची. खाऱ्या पाण्याने तिच्या टाचांना पडलेल्या भेगा पावसाळा लागेपर्यंत भरत नसत आणि पाऊस लागला की तीच आजी भाताच्या लावणीला वाकायची. आई भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जायची. यातल्या एकाही कामाला ‘हे बाईचं नव्हे’ असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दहावीनंतर आयटीआयला वायरमनच्या कोर्सला जाते म्हणाले, तेव्हा मात्र घरात, आळीत, बसच्या रांगेत एकच वाक्य ऐकू येऊ लागलं. मामा म्हणाले, शिवणकाम शिक. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरगी खांबावर चढणार काय? घरात एकट्या आजीने विचारलं, “पैसं कोणाच्या हातात येतील गो?” मी म्हटलं, माझ्या. “मग जा,” ती म्हणाली.

तिच्या प्रश्नाचं वजन मला कळायला बरीच वर्षं लागली. बायकांना कष्टापासून कधी कुणी अडवलंच नाही, अडवलं ते हुन्नरापासून. ज्या कामाला अंग मोडतं पण कागद लागत नाही, जिथे हजेरी मिळते पण भाव दुसराच ठरवतो, ते काम आमच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मोकळं होतं. ज्या कामाचा परवाना निघतो, जे करणाऱ्याच्या सहीशिवाय मीटर बसत नाही, तिथे आल्यावर सगळ्यांना आमच्या नाजूकपणाची आठवण झाली. मिठाची पाटी आणि ड्रिल मशीन दोन्ही मी उचलून पाहिलीत. पाटी कितीतरी जड असते.

आयटीआयच्या प्रवेशाच्या यादीत तेव्हा मराठी नावं असायची: तारतंत्री, वीजतंत्री, जोडारी, कातारी, संधाता. मुलींच्या रांगा शिवण आणि संगणकाकडे. तारतंत्रीच्या वर्गात आम्ही दोघीच होतो, मी आणि वसईकडची एक मुलगी. पहिले काही महिने आम्ही जोडीने काढले. वेस्टर्न युनियन जॉइंट, मॅरिड जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट एकमेकींना घरी करून दाखवायचो. पक्कडीने बोटाच्या पेराला फोड यायचे, ते एकमेकींना मोजून दाखवायचो. आमचे निदेशक कडक होते. पाइपाला बाक देताना तो चेपला की मुलाचा असो वा मुलीचा, टेबलावरून खाली टाकायचे आणि नवा तुकडा हातात द्यायचे. सवलत त्यांनी आम्हाला एकदाही दिली नाही. आज वाटतं, वर्गात आमच्यावर झालेले मोठे उपकार तेच.

दिवाळीनंतर ती मुलगी यायची बंद झाली. लग्न ठरलं होतं. तिच्यामागे मी वर्गात एकटी उरले आणि सगळंच बदललं. त्याच मुलांशी, त्याच बाकावर, तेच काम. पण आता मी शिडीच्या घोड्यावर चढले की चार जण मान वर करून बघायचे. स्क्रू पडला तरी हसू यायचं. दोघी होतो तोवर आम्ही विद्यार्थिनी होतो, एकटी झाल्यावर मी तमाशा झाले. पुढे कारखान्यात, साइटवर, सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये हा फरक मी पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणून आज कुणालाही सल्ला देताना पहिली गोष्ट हीच सांगते की मुलीला एकटी पाठवू नका, जोडी लावून द्या.

शिकाऊ उमेदवारीचा काळ मी एका कारखान्यात काढला. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने जागा मिळाली, पण जाताच मला ऑफिसात बसवलं. इंडेंटची वही लिही, चहाचे कूपन वाट. मुलं पॅनल उघडून बसायची आणि मी रजिस्टरला रेघा मारायचे. मनात खूप कढ यायचे. एक निवृत्तीला आलेले कोकणातले फिटर होते. त्यांनी एक दिवस साहेबांना सांगितलं की इन्सुलेशन तपासायचा मेगर वाचायला मला शांत हाताचं माणूस हवं, ही पोरगी द्या. त्यांच्यामागे मी पूर्ण कारखाना फिरले. मोटर बंद पडली की ते आधी हात मागे बांधून नुसते उभे राहायचे. वास घ्यायचे. मग विचारायचे, “काय झालं असेल?” तीनपैकी एक फेज गेला तर मोटर घुमते, तापते, वाइंडिंग जळतं; स्टार्टरचा ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर त्याआधीच तो ट्रिप होतो. हे पुस्तकात होतं. पण रिले वारंवार ट्रिप होतो म्हणून कुणीतरी त्याचं सेटिंग वाढवून ठेवतं आणि मग मोटर जळते, हे पुस्तकात नव्हतं. ते त्यांनी शिकवलं. कारखान्यात बाईला आत घेणारा एखादा माणूस नेहमी लागतो आणि तो बहुतेक वेळा साहेब नसतो.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. अशाच एका ठिकाणी मी पुढे देखभालीचं काम बघायचे. प्रेसवर पुरुष, पॉलिशला पुरुष आणि भांडी पुसायला, स्टिकर लावायला, खोक्यात भरायला बायका. कुणी नियम केलेला नव्हता, तरी एकही बाई त्या रेषेपलीकडे नव्हती. पॅकिंगला एक ताई होत्या, कित्येक वर्षं तिथेच. प्रेसच्या आवाजात जरा फरक पडला की मान न उचलता सांगायच्या, “क्लच घसरतोय बघ.” आणि खरंच घसरत असायचा. मी विचारलं, तुम्ही प्रेस का चालवत नाही? म्हणाल्या, कायद्यात नाही.

मी तो कायदा शोधून वाचला. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम २२मध्ये होतं ते एवढंच, की चालू असलेल्या यंत्राची साफसफाई, तेलपाणी, जुळवाजुळव बाईकडून करून घ्यायची नाही. यंत्र चालवायचं नाही, असं त्यात कुठेच नव्हतं. त्याच कायद्यात कलम १९ होतं, बायकांसाठी वेगळं, बंदिस्त शौचालय हवं म्हणून. ते मात्र त्या गल्लीत कुणाला पाठ नव्हतं. ताईंना दोन हातांनी बटणं दाबल्याशिवाय चालत नाही अशा छोट्या प्रेसवर बसवायला मालकाला राजी करण्यात माझा एक आख्खा उन्हाळा गेला. बसल्या. त्यांच्या हातून वाया जाणारे पत्रे कमी निघाले, हे मालकाने स्वतः सांगितलं. पगार वाढवताना मात्र त्याचा हात आखडला. १९७६ पासून समान वेतनाचा कायदा होता, पण रोजंदारीच्या वहीत तो उतरायला कुणीतरी मागावं लागतं आणि मागणारी उद्या कामावर असेल की नाही याची भीती असते. ताईंनी मागितलं नाही. मला त्याचा अजून त्रास होतो.

पगाराबद्दल मला जे उमगलं ते वायरिंगच्या धंद्याने शिकवलं. या धंद्यात दोन तऱ्हांनी पैसे मिळतात, हजेरीवर किंवा पॉइंटवर. हजेरीवर गेलं की ठेकेदार बाईला ‘हेल्पर’ धरतो, मग ती डीबी, म्हणजे वितरण पेटी, बांधत असली तरी. पॉइंटवर गेलं की दिव्याचा एक पॉइंट म्हणजे एक पॉइंट. पाइप कुणी टाकला, झिरी कुणी मारली, हे भिंतीला विचारता येत नाही. मी कारखाना सोडून हजेरीवर काही दिवस काढले आणि मग ठरवलं की काम लहान घेईन पण पॉइंटवर घेईन. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे पहिल्या आठवड्यात सांगते. हुन्नर शिकवणारे बरेच असतात, भाव कसा लावायचा हे मुलींना कुणी सांगत नाही.

आणि परवाना. राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून वायरमनचा परवाना मिळतो, पुढे पर्यवेक्षकाचा, मग ठेकेदाराची अनुज्ञप्ती. माझ्या हातात पहिला परवाना आला तेव्हा त्यावरचं माझं नाव मी आजीला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं. तिने त्या कागदावरून बोट फिरवलं आणि तो आपल्या पेटीत, जमिनीच्या कागदांसोबत ठेवायला सांगितला. योग्य जागा होती ती. परवान्याशिवाय काम करणाऱ्या बाया मी पाहिल्यात, हात सोन्याचे. पण कामाचा चाचणी अहवाल निघतो दुसऱ्याच्या सहीने आणि पैशाचा मोठा वाटा त्या सहीकडे जातो. आठवी-दहावीनंतर दोन वर्षं आणि त्यावर थोडी खटपट, इतक्यात जन्मभराचा कागद होतो. तो न काढता कामाला लागू नये, असं माझं अगदी ठाम मत आहे.

आमच्याकडे समुद्राची हवा. तांब्याला हिरवा थर येतो, टर्मिनलचे स्क्रू गंजतात, लग ढिले पडतात. उत्तनच्या वाटेवरच्या एका जुन्या इमारतीत एका संध्याकाळी बऱ्याच घरांतले टीव्ही, फ्रिज, पंख्यांचे रेग्युलेटर एकदम जळाले. मला बोलावलं. मीटर रूमच्या दारात मला पाहून एक गृहस्थ म्हणाले, “मिस्त्री कुठे आहेत?” मी बॅग खाली ठेवली आणि व्होल्ट मोजायचा मीटर लावला. एका फेजवर दीडशेच्या आसपास, दुसऱ्यावर साडेतीनशे. मुख्य न्यूट्रलची लिंक गंजून सुटली होती. न्यूट्रल गेला की फेज-न्यूट्रलचे २३० व्होल्ट राहत नाहीत. दोन फेजमधला चारशेच्या आसपासचा दाब घराघरांतल्या उपकरणांत वाटला जातो. ज्याच्याकडे लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. मेन स्विच बंद करून मी सगळं समजावलं. तरीही त्यांनी खात्रीसाठी दुसरा मिस्त्री आणला. त्याने तेच सांगितलं. तेव्हा कुठे काम मला मिळालं. त्या दिवसापासून मी प्रत्येक रीडिंग तारीख-वेळेसह कागदावर लिहिते आणि सोसायटीची सही घेते. पुरुषाच्या तोंडी शब्दावर विश्वास बसतो, आमच्याकडे पुरावा मागतात, तर पुरावा द्यावा. यात कमीपणा नाही. उलट पुढच्या दुरुस्तीला तेच कागद कामी येतात.

एक मोठं गिऱ्हाईक मात्र बाईलाच शोधत असतं, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी घरी एकट्या असणाऱ्या सुना, म्हाताऱ्या बायका, हॉस्टेलमधल्या मुली, बाळंतीण असलेलं घर. गिझरचा करंट बसतो, बाथरूममध्ये अर्थिंग तपासायचं आहे, पण अनोळखी पुरुषाला आत घ्यायला मन धजत नाही म्हणून त्या सहा-सहा महिने तसंच चालवतात. हे जिवावरचं आहे. करंट गळताच पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसलेली किती घरं मी पाहिली, जिथे ओल्या पायांनी गिझरला हात लागतो! अशा घरांत बाई वायरमन जाणं ही त्या घरातल्या जिवांची राखण आहे. माझं निम्मं काम एका बाईने दुसरीला सांगून आलेलं आहे.

आता ज्या गोष्टी कुणी लिहीत नाही त्या सांगते. साइटवर बाईसाठी शौचालय नसतं. मी आणि माझ्यासारख्या अनेक जणी दिवसभर पाणीच प्यायचो नाही. त्याने लघवीची जळजळ, ताप, पुढे मुतखडे. ज्या मुली महिना-दोन महिन्यांत काम सोडतात, त्यांतल्या कितीतरी जणी याच कारणाने सोडतात आणि घरी सांगतात ‘जमलं नाही’. लोक समजतात ताकद कमी पडली. मी आता काम घ्यायला गेले की पॉइंट किती हे नंतर विचारते, शौचालयाची किल्ली कुणाकडे हे आधी. दुसरं, हात लावणारी, अचकट बोलणारी माणसं भेटतात. दहापेक्षा कमी माणसांच्या कामावर अंतर्गत समिती नसते, म्हणून लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. तिथे तक्रार करता येते. हे मुलींना घराबाहेर पडण्याआधी माहीत असावं. तिसरं, हातमोजे, बूट, सेफ्टी बेल्ट सगळे पुरुषांच्या मापाचे. ढिल्या हातमोज्याने पक्कड निसटते. लहान मापाचं साहित्य मिळतं, मागवावं लागतं, मागवावंच.

मोठ्या नावांकडे बघताना मी हेच शोधते, की पहिलीच्या मागे दुसरी आली का. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन ऐंशीच्या दशकात मध्य रेल्वेत गेल्या, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या आणि १३ मार्च २०२३ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन आल्या. त्यांच्या मागून आज कितीतरी जणी इंजिनात आहेत. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुण्याच्या कारखान्यात त्या रुजू झाल्या. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात आता हॅरियर आणि सफारी गाड्या जोडणारी अख्खी लाइन सुमारे १५०० बायका चालवतात. पोस्टकार्डाची गोष्ट सगळे सांगतात, मला त्या पंधराशेंची जास्त मोलाची वाटते. त्यांच्यात कुणी घोड्यावर चढली तर कुणी मान वर करून बघत नसेल.

महावितरणमध्येही ‘जनमित्र’ म्हणून बायका खांबावर चढतात. पण आपल्या गावांत मुलींसाठी तंत्रज्ञान म्हटलं की अजून संगणकच डोळ्यांसमोर येतो. संगणक चांगलाच आहे. पुण्यात १९९१ला कमिन्स महाविद्यालय निघालं, खास मुलींचं अभियांत्रिकी. त्यातून कितीतरी घरं वर आली. ज्या घराला इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि क्लासची फी झेपत नाही, त्या घरातल्या मुलीचं काय, हा माझा प्रश्न आहे. तिला हल्ली थेट दुकानात नाहीतर पॅकिंगला पाठवतात.

अशा मुलींसाठी काम आमच्या दारातच येऊ घातलंय. भाईंदरच्या मेट्रो ९ची कारशेड आधी आमच्या राई-मुर्धा-मोरवा पट्ट्यात येणार होती. गावांनी जमिनीसाठी विरोध केला, बायका पुढे होत्या आणि ती डोंगरीकडे न्यायचं ठरलं. जमिनीसाठी जशा बसलो, तशा आता त्या डेपोतल्या कामांसाठी बसायला हवं असं मला वाटतं. गाड्यांच्या मोटरी, ब्रेक, सिग्नलच्या केबली सांभाळायला तंत्रज्ञ लागतील. या किनाऱ्यावरच्या किती मुली त्या वर्कशॉपमध्ये असतील? झाडू मारायला ठेकेदार आमच्या बायकांना बोलावेलच, त्यासाठी कुणाला काही करावं लागणार नाही. छपरावरच्या सोलरमध्येही असंच तंत्राचं काम आहे. २०२४च्या सूर्यघर योजनेत एका घराला तीन किलोवॉटपासून पुढे ७८,००० रुपये अनुदान ठरलं, सोसायट्या विचारपूस करताहेत आणि पॅनल बसवणारे हात कमी आहेत.

माझ्याकडे गेल्या काही वर्षांत मुली शिकायला आल्या त्या सगळ्या जोडीने. एकटी आली तर मी तिला परत पाठवते आणि मैत्रीण घेऊन ये म्हणते. आयांना हे विचित्र वाटतं, मग पटतं. एकीला घरी पोचायला उशीर झाला तर दुसरीचा फोन लागतो. एकीला शिडी धरायला दुसरी असते आणि ‘तुला येतं का हे?’ म्हणणारा गप्प बसतो. पहिल्या जोडीतल्या एकीचं लग्न झालं, सासर पालघरकडे. तिने तिथे आपल्या नणंदेला हाताशी घेतलं आहे.

दहावीचे निकाल लागले की आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात. वायरमन आणि वेल्डरला आठवी पास चालते, इलेक्ट्रिशियनला दहावीला विज्ञान आणि गणित हवं. राज्यातल्या आयटीआयमध्ये प्रत्येक ट्रेडमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा आहेत आणि तारतंत्री, जोडारीच्या त्या जागांना अर्जच येत नाहीत अशा तक्रारी मी निदेशकांकडून ऐकते. अर्ज भरण्याआधी मुलीला घेऊन वर्कशॉप बघून यावं. मुलींचं शौचालय उघडं आहे का आणि मागच्या वर्षीच्या मुली उमेदवारीला कुठे गेल्या, हे विचारावं. सुट्टीत हात बसवायला माझ्याकडे या. पाऊस लागला की राईपासून उत्तनपर्यंत ओल धरलेल्या वायरिंगची इतकी कामं निघतात की दोघी काय, चौघी आल्या तरी मला हव्याच आहेत.